कोठाराची किल्ली परक्याच्या हाती



बंगळूर शहराच्या आग्नेयेस कोरमंगलाच्या बाजूने एक रस्ता निघतो. इब्बलूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत तो सर्जापूर नावाच्या जुन्या गावी पोहोचतो. त्याला सर्जापूर रोड म्हणतात. वाटेत उजव्या-डाव्या हाताला उंच इमारती, मधूनच एखादे तळे, नारळाची झाडे आणि जवळच कार्मेलाराम नावाचे छोटे रेल्वे स्थानक. सकाळी आठच्या सुमारास या रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे. कोणाच्या गळ्यात ओळखपत्राची फीत आहे, कोणाच्या डोक्यावर घमेले आहे, कोणी पहारेकऱ्याचा गणवेश चढवून फाटकाशी उभा आहे, कोणी चार घरची धुणीभांडी करायला लगबगीने निघाली आहे. यांतले बहुतेक इथले नव्हेत. कोणी आसामचा, कोणी ओरिसाचा, कोणी बिहारचा, कोणी याच राज्याच्या उत्तर टोकाचा, यादगीर-रायचूरकडचा. आणि कोणी आपल्या सोलापूर-नगरकडचा. इथे माणसाला 'आपण काय करता?' असे नंतर विचारतात. आधी विचारतात, 'आपण कुठले?'

माणसेच काय, येथील काही मोठ्या कंपन्याही बाहेरून आलेल्या आहेत. दोड्डकन्नेल्ली येथे ज्या विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे, तिचा जन्म खानदेशातला. १९४५ साली अंमळनेर येथे वनस्पती तूप व तेल काढणारा कारखाना म्हणून ती सुरू झाली. इन्फोसिस ही कंपनीही १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि दोनच वर्षांनी बंगळुरात आली. कंपनी गाव बदलते तेव्हा तिला 'उपरी' म्हणत नाहीत. तिचे स्वागत होते, तिला जमीन मिळते. गाव बदलणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र निराळी असते.

मी २००५ साली कर्नाटक एक्स्प्रेसने अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, बंगळुरात उतरलो. समाजकार्याची पदवी घेतली होती. कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी व्हावे, ही जुनी इच्छा होती. इथे आल्यावर कळले की, त्या पदाचे नाव केव्हाच बदलले आहे. आता त्याला एच. आर. म्हणतात, मराठीत मनुष्यबळ विभाग. नाव कोणतेही असो, मला हवे होते ते काम. पाच महिने मी दारोदार फिरलो. प्रत्येक मेजामागून एकच प्रश्न येई, 'बंगळूरचा अनुभव आहे का?' ज्याला बंगळूरने अजून कामच दिले नाही, त्याला बंगळूरचा अनुभव कुठून असणार? पण हे उत्तर मेजाच्या अलीकडच्या माणसाने द्यायचे नसते. अखेर सर्जापूर रोडलगतच्या एका संस्थेत मला मनुष्यबळ विभागात सर्वांत खालची जागा मिळाली.

आज त्या अनुभवाकडे वळून पाहताना एक प्रश्न मनातून जात नाही, आणि तोच आपल्यापुढे ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच. जो स्वतः दाराबाहेर उभा होता, त्याच्याच हाती दाराची किल्ली आली, तर त्याने ती कशी वापरावी? दार कोणासाठी उघडावे: आपल्या माणसांसाठी, इथल्या माणसांसाठी, की जो येईल त्याच्यासाठी? आणि किल्ली ज्याची आहे, त्या मालकाशी त्याचे नाते काय?

हा व्यवसाय कोणी उभारला?

माणसे निवडण्याचे काम आपल्या देशात पूर्वी कसे चालत असे, ते मुंबईच्या गिरणगावात पाहावे. गिरणीत कामगार भरण्याचे काम जॉबर करी. तो कामगारांतूनच वर आलेला मुकादम असे. त्याने आपल्या गावची, आपल्या नात्याची, आपल्या जातीची माणसे आणावीत, त्यांच्याकडून दस्तुरी घ्यावी, मर्जीतून उतरलेल्याला घरी बसवावे, अशी ती रीत होती. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावे, असे सुचविले. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आजच्या एच. आर. विभागाचे हेच पूर्वज होत.

हे अधिकारी शिकविण्याची पहिली सोय कोणी केली? १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट. हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते, आणि त्याआधी नागपाड्यात त्यांनी नेबरहुड हाऊस चालविले होते. १९४९ साली जमशेदपूर येथे झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट सुरू झाली, तीही परदेशातून आलेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूंच्या, फादर क्विन एनराइट यांच्या हातून. म्हणजे या देशात कामगार आणि मालक यांच्यामध्ये उभे राहण्याचे शिक्षण ज्यांनी प्रथम दिले, त्यांत परदेशी माणसांचा मोठा वाटा होता. हा योगायोग नसावा, असे मला वाटते. ज्याला गावकी नाही, भावकी नाही, तो माणूस तराजू धरायला बरा, अशी एक जुनी समजूत आहे.

या समजुतीत तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. जॉबर लाच घेई, पक्षपात करी, हे खरे. तरी कोकणातून बोचके घेऊन उतरलेल्या पोराला पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा तोच दाखवी. गावकऱ्यांच्या खोलीत त्याची सोय लागे, खाणावळीत खाते उघडे, पहिल्या पगारापर्यंत चार पैसे उसने मिळत. लेबर ऑफिसर आला आणि पक्षपात कमी झाला, पण त्याबरोबर ती पहिल्या रात्रीची जागाही गेली. न्याय एका घरी राहू लागला आणि आपुलकी दुसऱ्या घरी. आज पंच्याऐंशी-नव्वद वर्षांनंतरही ही दोन घरे एकत्र आलेली नाहीत. नव्याने या व्यवसायात शिरणाऱ्या परक्या माणसापुढची खरी अडचण हीच आहे. त्याच्यापाशी निःपक्षपातीपणा आयता असतो, कारण इथे त्याचे कोणीच नसते. आपुलकी मात्र त्याला कष्टाने मिळवावी लागते.

योसेफाची गोष्ट, पुन्हा एकदा

मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या परक्या माणसाची सर्वांत जुनी गोष्ट आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. योसेफ मिसर देशात आपण होऊन गेला नव्हता. त्याला विकले होते. दास म्हणून राबला, खोट्या आळापायी तुरुंगात गेला, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी फारोच्या साऱ्या कोठारांवर अधिकारी झाला. त्याला मिसरी नाव मिळाले, मिसरी वस्त्रे मिळाली, मिसरी बायको मिळाली. रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगताना आपण साधारणपणे इथवर येऊन टाळ्या वाजवतो. पण पुढच्या दोन गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही.

पहिली गोष्ट दुभाष्याची. दुष्काळात भाऊ धान्य मागायला आले, तेव्हा योसेफाने त्यांना ओळखले, पण त्यांनी त्याला ओळखले नाही. तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलला. त्यांची भाषा हीच त्याची आईची भाषा होती. तरीही त्याने मध्ये दुसरा माणूस उभा केला. भाऊ आपसांत जे बोलले, ते त्याला समजले, आणि तो बाजूला जाऊन रडला. मेजामागे बसणाऱ्या प्रत्येक परक्याला हा दुभाष्या ठाऊक असतो. कधी त्याचे नाव इंग्रजी असते, कधी नियमावली, कधी 'धोरण'. त्याच्या आड उभे राहिले की ओळख द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. दुष्काळ लांबला, तसे मिसरच्या लोकांनी धान्यासाठी आधी पैसे दिले, मग गुरेढोरे दिली, आणि शेवटी जमीन व स्वतःला फारोचे दास म्हणून देऊ केले. योसेफाने ते घेतले. लोक वाचले, हे खरे. आणि फारोची सत्ता अमर्याद झाली, हेही खरे. पुढे योसेफाला न ओळखणारा राजा आला आणि त्याच सत्तेखाली योसेफाचेच वंशज विटा थापू लागले. एक प्रामाणिक, कर्तबगार, परका अधिकारी मालकाची कोठारे भरतो, तेव्हा ती उद्या कोणाच्या हाती जातील, याचा विचार त्याने करावा की नाही? शास्त्र इथे योसेफाला दोष देत नाही, आणि आपणही न्यायाधीश होऊ नये. पण त्याच्या यशाची ही किंमत त्याच ग्रंथात लिहून ठेवलेली आहे, आणि ती वाचूनच पुढे जावे.

माझ्या हातून घडलेले

आता माझेच सांगतो. दुसऱ्याचे दोष दाखविण्यापेक्षा ते बरे.

२००७ साली हिशेबनिसाच्या जागेसाठी यादगीरकडचा एक तरुण मुलाखतीस आला. वाणिज्य शाखेचा पदवीधर. ज्या कर्नाटक एक्स्प्रेसने मी नगरहून आलो, तीच गाडी यादगीरलाही थांबते. कदाचित तोही तिनेच आला असेल. त्याचे इंग्रजी अडखळत होते. हिशेबाचे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे त्याने कागदावर बिनचूक सोडवून दाखविली. मग मी विचारले, 'बंगळूरचा अनुभव आहे का?' शब्द तोंडातून बाहेर पडताना मला तो आवाज ओळखीचा वाटला. तो दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या पाच महिन्यांतला होता. आता तो माझा झाला होता. त्या तरुणाने मान हलवून नाही म्हटले. त्याच्या अर्जावर मी दोन शब्द लिहिले, 'संवादकौशल्य अपुरे'.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या एका वाहनचालकाचा पगार चुकला म्हणून तो माझ्याकडे आला. तो कानडीत बोलत होता. मला 'कन्नड गोत्तिल्ल' याखेरीज एक वाक्य येत नव्हते. संस्थेत तीनशेच्या वर माणसे होती. त्यांतली निम्मी कानडी बोलणारी, आणि त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी नेमलेला मी. दुपारी ज्याचे संवादकौशल्य मी अपुरे ठरविले होते, त्याला या सगळ्यांशी बोलता आले असते. अपुरेपण कोणाचे होते?

वाचकहो, या गोष्टीचा शेवट गोड नाही. त्या अर्जावर पत्ता होता. मी त्याला पत्र लिहू शकलो असतो, साहेबांशी बोलू शकलो असतो. लिहिले नाही, बोललो नाही. नोकरी नवी होती, चूक कबूल करण्याची भीती वाटली. महिन्याभरातच मी शेजारच्या किराणा दुकानदाराकडे कानडी शिकू लागलो, एवढेच काय ते केले. तूप, अण्णा, अक्का हे आपल्या रोजच्या तोंडातले शब्द कानडीशी आपले किती जुने घरोब्याचे नाते सांगतात, ते तेव्हा कळले. पण माझ्या शिकण्याचा त्या तरुणाला काय उपयोग?

दुसरा प्रसंग २००९ चा. अमेरिकेत २००८ च्या सप्टेंबरात बँका कोसळल्या आणि त्यांची थरथर सर्जापूर रोडपर्यंत आली. आमच्या संस्थेत चाळीस जणांची यादी वरून आली. एकेकाला बोलावून पत्र देण्याचे काम माझ्याकडे होते. मी ते नियमाने केले, थकबाकीचा हिशेब चोख दिला. एका बाईंनी विचारले, 'यादी कोणी केली?' मी म्हणालो, 'मला ठाऊक नाही.' ते खरे होते. मी विचारलेच नव्हते. न विचारून मिळविलेले अज्ञान हात धुण्याच्या पाण्यासारखे असते. ते कोणाला उपयोगी पडले आहे, हे आपण जाणतोच.

आपला माणूस

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो आपल्या मंडळ्यांतून प्रत्येक नोकरदार माणसाला विचारला जातो. उपासनेनंतर एक वडीलधारे गृहस्थ हात धरून म्हणतात, 'आमचा भाचा बी.ए. झालाय. तुम्ही एच. आर.मध्ये आहात. जरा बघा ना.' परक्या शहरात मराठी बोलणारी चार घरे, त्यांत आपल्या विश्वासातली दोन. नाही कसे म्हणावे? आणि हो म्हटले, तर शाही आयोगाने ज्याच्या हातून किल्ली काढून घेतली, त्या जॉबरमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला? दस्तुरी आपण घेत नाही, एवढाच.

मला बराच काळ असे वाटे की, नीतिमान माणसाने या विनंतीला सरळ नकार द्यावा. आता तसे वाटत नाही. त्या गृहस्थांच्या विनंतीत दोन मागण्या मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, माहितीची: जागा कुठे आहेत, अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, राहायला कुठे परवडेल. दुसरी, निकालाची: त्याला घ्या. पहिली मागणी पूर्ण करणे हे कर्तव्य आहे, आणि ती फक्त भाच्यापुरती न ठेवता जो विचारील त्याच्यासाठी पूर्ण करावी. दुसरीच्या बाबतीत मात्र मेजावरून उठून जावे आणि 'हा माझ्या ओळखीचा आहे, निर्णय दुसऱ्याने घ्यावा,' असे लेखी सांगावे. जॉबरची आपुलकी ठेवावी, त्याचा अधिकार सोडावा. असे केल्याने दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. भाच्याचे मामा म्हणतात, याला गर्व झाला. साहेब म्हणतात, हा कचेरीच्या वेळात लोकांना अर्ज लिहायला शिकवतो. ती खावीत.

इथला माणूस

पण 'आपला' बाजूला ठेवला, तरी 'इथला' उरतोच. परक्या शहरात आलेल्याला हा प्रश्न टाळता येत नाही. २०२४ च्या जुलैत कर्नाटक मंत्रिमंडळाने एका विधेयकास संमती दिली. उद्योगांतील व्यवस्थापनाच्या निम्म्या जागा आणि अन्य सत्तर टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असे त्यात होते. उद्योगजगतात ओरड झाली आणि एक-दोन दिवसांतच ते स्थगित ठेवण्यात आले. हरयाणाने असाच कायदा केला होता. तो २०२३ च्या नोव्हेंबरात पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. आपल्या घटनेचा एकोणिसावा अनुच्छेद नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क देतो.

बंगळुरात राहणारा मराठी माणूस हा अनुच्छेद मोठ्या उत्साहाने सांगतो. त्याने क्षणभर १९६६ साल आठवावे. त्या वर्षी मुंबईत शिवसेना स्थापन झाली, आणि कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य कारकुनांच्या व उडपी उपाहारगृहांच्या विरोधात 'भूमिपुत्रां'चा आवाज उठला. त्या वेळी मुंबईतला कानडी माणूस हाच एकोणिसावा अनुच्छेद सांगत होता. मेजाच्या बाजू बदलल्या, माणसाचे म्हणणे तेच राहिले. जे गाऱ्हाणे आपण मुंबईत रास्त मानतो, ते बंगळुरात अन्याय मानावे, आणि जो हक्क आपण बंगळुरात मागतो, तो मुंबईत नाकारावा, हे कोणत्याही तराजूत बसत नाही.

मग न्याय कशात आहे? माझे मत असे. येण्याचा हक्क कायदा देतो. तो कोणी हिरावू नये. पण ज्या गावची जमीन इमारतींखाली गेली, ज्यांच्या तळ्यांत शहराचे सांडपाणी गेले, त्या गावच्या मुलांना त्याच इमारतींत फक्त झाडू आणि शिटी मिळत असेल, तर तिथे काहीतरी चुकले आहे. ते दुरुस्त करायला टक्केवारीचा कायदा लागेलच असे नाही. परंतु मेजामागे बसलेल्याने आपल्या कसोट्या तपासल्या पाहिजेत. हिशेबनिसाला अस्खलित इंग्रजी खरोखर लागते का? दोम्मसंद्रच्या सरकारी शाळेत शिकलेल्या मुलीला सहा महिने शिकविले, तर ती हे काम करील का? 'अनुभव' म्हणून आपण जे मागतो, तो कामाचा अनुभव असतो, की आपल्यासारखे दिसण्या-बोलण्याचा?

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. आपल्यातल्या अनेकांची मुले कॅनडात गेली आहेत. तिथे डॉक्टर, अभियंते, कार्मिक अधिकारी होऊन आलेल्यांना 'कॅनडाचा अनुभव आहे का?' असे विचारून परत पाठविले जात असे. ऑन्टॅरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली ही अट सकृद्दर्शनी भेदभावाची ठरविली, आणि २०२४ साली त्या प्रांताने नोकरीच्या जाहिरातीत ती घालण्यास मनाई करणारा कायदा केला. जो प्रश्न तिथे आपल्या मुलांना टोचतो, तो इथे आपण यादगीरच्या मुलाला विचारू नये.

नेमणूक म्हणजे स्वागत नव्हे

आणखी एक गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नेमणुकीत काही उणे नव्हते. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, आणि जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शेवटी ते बडोदा सोडून निघून गेले. संस्थानाने नोकरी दिली होती. शहराने छप्पर दिले नाही. छपराविना नोकरी टिकली नाही.

सर्जापूर रोडवर आज लाठ्या नाहीत. पण घरमालक फोनवर नाव विचारतो, मग आहार विचारतो, मग 'कुटुंब की एकटे?' विचारतो, आणि मग खोली अचानक 'गेलेली' असते. आपल्यातल्या कित्येकांनी हे अनुभवले आहे. नियुक्तिपत्र हाती देऊन मनुष्यबळ विभाग मोकळा झाला, असे समजतो. नव्या माणसाची पहिली रात्र कुठे गेली, हे विचारणे त्याच्या कामाच्या यादीत नसते. जॉबरच्या मात्र होते, हे मी वर सांगितलेच आहे.

२०२० च्या मे महिन्यात हाच प्रश्न साऱ्या राज्यापुढे उभा राहिला. टाळेबंदीत अडकलेले बांधकाम मजूर घरी जाऊ मागत होते. राज्य सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर मजुरांच्या खास गाड्यांची मागणी मागे घेतली, आणि सर्व बाजूंनी टीका झाल्यावर तो निर्णय फिरवला. त्या दोन-तीन दिवसांत 'मनुष्यबळ' या शब्दाचा अर्थ उघडा पडला. बळ हवे होते. त्यामागचा मनुष्य घरी जाऊ पाहत होता. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी बजावले होते. आपल्या व्यवसायाने तर साधन हे नावच कपाळी लावून घेतले: मानव संसाधन! केंद्र सरकारने १९८५ साली शिक्षण खात्याला हेच नाव दिले होते, आणि २०२० साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय केले. आमच्या कचेऱ्यांच्या पाट्या मात्र तशाच आहेत.

किल्ली धरणाऱ्याला

येथे कोणी म्हणेल, 'हे सर्व ठीक. पण कंपनी ही धर्मशाळा नव्हे. एका जागेला शंभर अर्ज येतात, नव्याण्णवांना नाही म्हणावेच लागते.' आक्षेप बरोबर आहे. नकार देणे म्हणजे अन्याय नव्हे. मालकाच्या हिताशी प्रामाणिक राहणे हाही नीतीचाच भाग आहे; योसेफाने फारोचे धान्य फुकट लुटवले नाही. पण नकार कोणत्या कारणाने दिला, ते कारण आपण त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून सांगू शकतो का, ही कसोटी कुठल्याही कंपनीला परवडणारी आहे. 'संवादकौशल्य अपुरे' हे मी त्या तरुणाला समोर सांगू शकलो नसतो. म्हणूनच ते कागदावर लिहिले.

जे तरुण-तरुणी आज आपल्या गावातून निघून बंगळूर, पुणे, दुबई किंवा टोरंटोला या व्यवसायात शिरू पाहत आहेत, त्यांना माझ्या चुकांतून उरलेले थोडे सांगतो. जिथे जाल, तिथली भाषा पहिल्याच महिन्यात शिकायला लागा. पगाराचे गाऱ्हाणे दुभाष्यामार्फत ऐकू नका. आपल्याला जो प्रश्न टोचला होता, तो कागदावर लिहून मेजाच्या खणात ठेवा आणि मुलाखतीआधी एकदा पाहा. ओळखीच्या माणसाला माहिती द्या, निकाल देऊ नका. वरून यादी आली, तर ती कोणी केली आणि कोणत्या कसोटीवर, हे विचारा. उत्तर मिळाले नाही, तरी विचारले याची नोंद राहील, आणि न विचारल्याचे ओझे राहणार नाही. नव्या माणसाला विचारा, 'आज रात्री कुठे राहणार?' आणि नोकरीची फार भीती वाटू लागली, तर आठवा की आपण या गावी आलो तेव्हाही आपल्यापाशी काही नव्हते.

किल्ली आपली नसते. ती मालकाची असते, आणि उद्या ती दुसऱ्याच्या हाती जाते. परक्या माणसाला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. तो अजून विसरलेला नसतो की, दार बाहेरून कसे दिसते. तोही विसरला, तर मग आठवण कोण ठेवणार?

यादगीरच्या त्या तरुणाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. तो कुठे तरी मेजामागे बसला असेल, अशी मी आशा करतो. तसे असेल, तर त्याने समोरच्या माणसाला तो प्रश्न विचारला नसावा.